चाखून मग पैसे

आता हसू येते, पन तवा माह्या जीवाचं पानी झालतं. कापसाले भाव नोता, मनून मी आन शेजारच्या नसरीननं अकोल्यातून ऑनलाइन लोणचं विकाले काढलं.

नसरीन मने, "पैसे आधीच घेऊ."

मी मनलं, "चाखल्याबिगर आपल्याकडं कोनी पैसे देते काय? माल हाती गेल्यावरच घेऊ."

पयलीच ऑर्डर बडनेऱ्याची. गिऱ्हाइकाचा फोन आला, "बरनी उघडून चाखली. मीठ कमी हाये. कुरिअरवाल्याजवळ वापस देल्ली."

"उष्टी बरनी आता कोन घेईन?" नसरीन माह्यावर उखडली.

तेवढ्यात कुरिअरवाल्याचाच फोन. "ताई, मीठ बरोबर हाये. भाकरीसंग अर्धी बरनी संपवली. पैसे मीच भरतो."

हुश्श! तवापासून आमी पैसे आधीच घेतो. चाखाची सवलत फक्त त्या कुरिअरवाल्याले.