अठ्ठावीस इंचांपुढे

छोटी : नाही कसं म्हणता, काका? पोटाकडून, म्हणजे आतल्या बाजूने, थोडं घासलं की धनुष्य ओढायला हलकं होतं, हे तुम्हीच गिऱ्हाइकांना सांगता.

काका : गिऱ्हाइकांची धनुष्यं मी केलेली असतात. हे दादाने केलंय. दादाच्या कामाला मी कानस लावणार नाही.

छोटी : बाबांनी ते माझ्यासाठी केलं होतं. आणि आता मीच सांगतेय, घासा.

काका : दुसरं काहीही सांग.

छोटी : दुसरं काही नाहीये माझ्याकडे! पुढच्या महिन्यात संघाची निवड आहे, आणि डॉक्टर म्हणतात, हा खांदा असाच वापरलात तर पुढे केस विंचरायलाही हात वर जाणार नाही. धनुष्याची ओढ दहा पौंडांनी कमी करून द्या. नाहीतर मी तिरंदाजी सोडते. अगदी स्पष्ट सांगते.

काकू : काय सोडतेस? आधी पाणी घे. मघाशी चौकटीवर आपटलं ते तुझंच डोकं ना? सहा फुटांची छोटी आमची! अजून वाकायची सवय नाही लागली बयेला.

छोटी : काकू, तू तरी सांग ना यांना.

काकू : यांना सांगून कधी काही झालंय का? तीस वर्षं सांगतेय, तो लाकडाचा भुसा घरात आणू नका. काल भातात निघाला.

काका : अगं, जरा थांब. छोटे, दुखतो तो खांदा कुठला? धनुष्य धरतेस तो, की दोरी ओढतेस तो?

छोटी : ओढते तो. मागच्या बाजूने, पात्याच्या वर. पन्नास बाण झाले की हात थरथरायला लागतो. आणि बाण तर विचारूच नका. एक मध्यावर, दुसरा पार गवतात. मैदानावर शिकवणाऱ्या आमच्या बाई म्हणतात, वडील गेल्यापासून तुझ्या मनात भीती बसलीय.

काका : भीती?

छोटी : आठ वर्षं झाली म्हणावं. भीती असती तर एव्हाना तीही कंटाळून निघून गेली असती.

काका : ते खुंटीवरचं बारीक धनुष्य काढ. मापाचं. त्याला काही वजन नाही, पोरंसोरंही ओढतात. आणि हा लांब बाण घे. यावर इंचांच्या खुणा आहेत. ओढ बघू नेहमीसारखं.

छोटी : माप कशाला? माझं अठ्ठावीस आहे. तुम्हीच घेतलं होतं.

काका : ओढ म्हटलं ना.

छोटी : हं. बघा. अठ्ठावीस. केसभरही इकडेतिकडे नाही.

काकू : अहो, पण तिचा हात तर हवेतच थांबलाय. दोरी तोंडाला टेकत नाही तिची. बाकीची पोरं कशी ओठाच्या कोपऱ्याशी आणून टेकवतात.

छोटी : मी टेकवतच नाही, काकू. मला इथेच थांबायची सवय आहे. बाणाचं टोक मुठीशी आलं की थांबायचं.

काका : खाली कर. आता डोळे मिट. बाणाकडे बघायचं नाही, मुठीकडे बघायचं नाही. दोरी ओठाच्या कोपऱ्याशी आण आणि दोन्ही खांद्यांची पाती पाठीमागे एकमेकांकडे ने.

छोटी : असं? पण मग बाणाचं टोक मुठीच्या आत येईल ना, काका?

काका : हा बाण लांब आहे. येणार नाही. ओढ. अजून. थांबू नकोस. तू थांबलीस. परत.

छोटी : हात पुढे जातच नाहीये मागे... म्हणजे, मागे जात नाहीये. कोणीतरी धरल्यासारखं होतंय.

काका : कोणी धरलेलं नाही. ओढ.

(काका वाकून बाणावरची खूण दोनदा बघतात.)

छोटी : काका? किती?

काकू : बोला की. तोंडात काय मूग आहेत?

काका : साडेबत्तीस.

छोटी : शक्य नाही.

काका : डोळे उघड. स्वतः बघ.

छोटी : अहो, साडेचार इंच! म्हणजे मी आजवर... अर्धवटच ओढत होते?

काकू : मला विचारलं असतंत तर बसल्या जागी सांगितलं असतं. हिचे सगळे कपडे मी शिवते. बाहीला दरवर्षी दोन बोटं कापड वाढवत आले, थेट एकोणीस वर्षांची होईस्तोवर. पण आमच्या शिवणयंत्राला कोण विचारतंय! धनुष्याचं माप म्हणजे यांची मक्तेदारी.

काका : इकडे बस, छोटे. त्या खांद्याला जे झालं ते यामुळे. पूर्ण ओढलं की भार पाठ घेते. पाठ मोठी असते, ती दमत नाही. अर्ध्यावर थांबलं की सगळा भार एकट्या खांद्यावर. आणि दोरी टेकायला जागा नाही, म्हणून प्रत्येक वेळी वेगळी सुटते. तुझ्या मनात काहीही बसलेलं नाही. बाईंना सांग.

छोटी : मग सोपंच आहे! बाबांचं धनुष्य घेते आणि पूर्ण ओढते.

काका : त्याला हात लावू नकोस!

छोटी : केवढ्याने ओरडता!

काका : ते पाच फुटी आहे. दादाने तुझ्या चौदाव्या वर्षीच्या उंचीवर केलं. लाकडाला किती वाकायचं ते शिकवावं लागतं. भिंतीवर अडकवून, रोज थोडं थोडं जास्त ओढत. दादाने त्याला अठ्ठावीसपर्यंत शिकवलं. तीसला ते कुरकुरेल. बत्तीसला तुझ्या तोंडाशी फुटेल. डोळा जातो, पोरी. मी बघितलाय गेलेला.

छोटी : बरं. नाही ओढत. मग माझ्या हाताला काय चालेल?

काका : हे बघ, दोन आहेत. हे साडेपाच फुटी, टोकं पुढे वळलेली.

छोटी : वा, काय हलकं आहे! आणि झटकन येतं... आई गं! शेवटी एकदम दगडच झालं. बोटं चिरडली.

काका : होणारच. धनुष्य आखूड आणि हात लांब, की दोरीचा कोन चिमट्यासारखा होतो. पहिले अठ्ठावीस इंच ते लाडात येतं, पुढचे चार वसूल करतं. आता हे घे. सहा फूट दोन इंच. एका उंच गिऱ्हाइकासाठी केलं होतं, तो दुसऱ्या गावी गेला, परत आला नाही.

काकू : बाई बाई! हे तर हिच्याहूनही उंच आहे. लग्न ठरवायला हरकत नाही.

छोटी : काकू! हे जरा सुस्त वाटतं, काका. बाण हळू जाईल.

काका : थोडा हळू जाईल. पण रोज तिथेच जाईल. ओढ.

छोटी : एकसारखं येतंय. अडत नाही कुठे. आणि हे... टेकलं. काका, टेकलं ओठाला. खांदा दुखला नाही.

काका : सावकाश परत ने. बाण नसताना रिकामी दोरी सोडायची नाही.

छोटी : निवडीपर्यंत हाताला बसेल का हे?

काका : खोटं नाही सांगत. नाही बसणार. इतक्या वर्षांची सवय तीन आठवड्यांत जात नाही. यंदाची निवड बहुतेक हुकेल. पण हात राहील.

छोटी : हुकेल.

काकू : रडायचं तर रड इथे. घरी आईसमोर रडशील तर ती मला फोन करेल.

छोटी : रडत नाहीये. मला राग येतोय, आणि कोणावर काढू ते कळत नाहीये. मला अठ्ठावीसवर थांब म्हणून सांगितलं कोणी? बाबांनी तर नाही. बाबा असताना माझा हातच तेवढा होता.

काकू : सांगा आता तिला. नाहीतर मी सांगते.

काका : मी सांगितलं.

छोटी : तुम्ही? मी तर तो सगळ्यांचाच नियम समजत होते.

काका : तू सोळाची होतीस. उंची भराभर वाढत होती. एक दिवस मागच्या मैदानात ओढत होतीस आणि मला ते कुरकुरलेलं ऐकू आलं. त्या रात्रीच तुझे सगळे बाण आणून मी अठ्ठावीसवर कापले. दुसऱ्या दिवशी म्हटलं, टोक मुठीशी आलं की थांबायचं, हाच नियम. तू उलटून एक शब्द विचारला नाहीस.

छोटी : तुम्ही म्हणालात म्हणून! तुम्ही सांगितलेलं मी कधी तपासलं नाही. सहा वर्षं, काका. रोज दोनशे बाण.

काका : दरवर्षी वाटायचं, यंदा सांगावं. तुला मोठं धनुष्य करून द्यावं.

छोटी : मग का नाही दिलंत? तुमच्या हातात होतं ना? चार आठवड्यांचं काम.

काका : नवं दिलं असतं, तर तू ते ठेवून दिलं असतंस. भिंतीला लागलं असतं. मैदानात ते तुझ्या हातात वाकताना दिसलं, की मला वाटायचं दादाचं काम अजून चालू आहे. मला ते मोडायला नको होतं, आणि बंदही पडायला नको होतं. मी धनुष्य सांभाळलं, तुझा खांदा नाही. चुकलो गं मी. फार चुकलो.

काकू : दादांबद्दल आठ वर्षांत पहिल्यांदा बोलले. माझ्याजवळही नाही बोलले कधी.

काका : दादाच्या हातचं दुसरं काही उरलं नव्हतं, छोटे.

छोटी : मी होते ना, काका.

काकू : अहो, डोळे पुसा आधी. आणि तिच्याशी बोला.

काका : आण तो हात इकडे. या धनुष्याची मूठ जाड आहे, तुझ्या मापाने घासून देतो.