मशीनची जेवणाची सुट्टी

सन ब्याऐंशी. पिंपरीच्या बसस्टॉपवर माझ्यापुढे दोघे उभे होते. एकाच कंपनीतले, कामगारांची हजेरी आणि तास मोजणाऱ्या टाइम ऑफिसचे कोंडाजीराव आणि कॉम्प्युटर रूममधला इम्तियाज.

"कोंडाजीराव, कुठला प्रोग्राम किती वेळ चालला, ते कॉम्प्युटर स्वतःच नोंदवतो. ती वेळ सेकंदात ठेवायची की तासात, एवढंच विचारलं होतं मी."

"तासात. अन् जेवणाचा अर्धा तास वजा करून. आमच्याकडं समद्यांचाच व्हतो."

"तो जेवत नाही."

"त्यो त्याचा प्रश्न. सुट्टी न्हाई दिली तर युनियन इचारंल."

"अहो, पाच मिनिटं चाललेला प्रोग्राम वजा पंचवीस दाखवतोय."

"मग ऱ्हायलेलं त्यानं ओव्हरटाइममधी भरून काढावं."

"साहेबांनी तोड काढलीय. रोज दुपारी एक ते दीड या वेळात कॉम्प्युटर बंद ठेवायचा."

"ब्येस झालं. जेवला म्हंजे मिटलं."

"पण त्याला एकटं सोडायचं नाही, असा नियम आहे. मी तिथंच बसून असतो."

"मग तू जेवतो कवा?"

"नाही जेवत."

"अन् तुझा अर्धा तास?"

"तो तुम्ही कापता की."