नकाशाची कड

डार्लीन : फोनवरच नाही म्हटलं असतं, पण फोनवर तू ऐकत नाहीस. म्हणून आलेय. नाही, वेंडेल. मी येणार नाही.

वेंडेल : समोर तरी कुठे ऐकतो. डावीकडनं ये, उजवीकडे सॅकमध्ये भरायचं जेवण पसरलंय.

डार्लीन : अरे देवा! स्वयंपाकघर आहे की गोदाम? आणि माझ्या वजनकाट्यावर मोजे?

वेंडेल : धुतलेले आहेत.

डार्लीन : तो काटा पिठासाठी होता.

वेंडेल : घटस्फोट झाल्यापासून या घरात पीठ मळलंय कोणी?

डार्लीन : टोमणे नकोत. दारातनंच सांगून निघणार होते मी. तुझ्या त्या मित्राला, बर्कला घेऊन जा घळीत चालायला. तो एका पायावर तयार असेल.

वेंडेल : परवाना देणाऱ्या रेंजरबाईला विचारलं. परवान्यावर ज्यांची नावं, तीच माणसं. बदली चालत नाही. दोघं आलो नाही तर परवाना रद्द, आणि रांगेतल्या पुढच्याला जाणार.

डार्लीन : अर्ज केला तेव्हा आपण नवरा-बायको होतो. हे सांगितलंस तिला?

वेंडेल : सांगितलं. ती म्हणाली, घळीला त्याने काही फरक पडत नाही.

डार्लीन : मग पुढच्या वर्षी नव्याने अर्ज कर. बर्कच्या नावाने कर. मला मोकळं सोड.

वेंडेल : बरं.

डार्लीन : बरं काय?

वेंडेल : बरं म्हणजे बरं. कॉफी घेणार?

डार्लीन : पुडीतली?

वेंडेल : पुडीतलीच.

डार्लीन : नको मग. हा टूथब्रश बघ. दांडी कुठे गेली याची?

वेंडेल : कापली.

डार्लीन : अजूनही? एवढ्याशा दांडीनं वजन वाचतं तरी किती?

वेंडेल : थेंबे थेंबेच वाचतं सगळं.

डार्लीन : आणि हे पोट? हे कधी कापणार?

वेंडेल : ते सॅकमध्ये येत नाही.

डार्लीन : आणि ही काय, पातळ चादर? मार्चात तिथे रात्री बाटलीतलं पाणी गोठतं, वेंडेल. गेल्या वर्षी बाटल्या कुशीत घेऊन झोपलो होतो आपण. माझं काही नाही, मी येत नाहीये. पण तू कुडकुडून मरशील.

वेंडेल : जाड स्लीपिंग बॅग खाली आहे. ती चादर वरून.

डार्लीन : बरं. आणि रस्ता? बर्फ वितळला की ती लाल माती डिंकासारखी चिकटते. गाडी रुतली तर तिथे कोण काढणार?

वेंडेल : पहाटे निघायचं. माती गोठलेली असते तोवर आत पोचायचं.

डार्लीन : हे तू मला शिकवतोस? मीच सांगितलं होतं तुला गेल्या वर्षी.

वेंडेल : म्हणून तर तसंच करतोय.

डार्लीन : आणि शौचाच्या पिशव्या? घळीत काही मागे टाकता येत नाही. घेतल्यास का? की या वेळीही भरलेल्या सगळ्या मीच आणायच्या?

वेंडेल : येताना तुझ्या सॅकमधलं जेवण संपलं होतं. दोघांचं ओझं सारखं व्हायला नको?

डार्लीन : काय माणूस आहे! आणि पाणी?

(वेंडेल काट्यावरचे मोजे उचलतो, घडी घालतो, पुन्हा काट्यावर ठेवतो.)

डार्लीन : मी विचारलं, पाणी कुठे भरणार?

वेंडेल : तिसऱ्या मुक्कामाला झरा आहे.

डार्लीन : आहे? अगंबाई! गेल्या वर्षी नव्हता ना तो? मी घसा कोरडा पडेपर्यंत सांगत होते, इथे कुठेतरी झरा आहे, माझे वडील आणायचे मला इथे. आणि तू नकाशा नाचवत होतास. नकाशात नाही म्हणजे नाही!

वेंडेल : नकाशात नव्हता.

डार्लीन : नकाशात होता! तू कड कापली होतीस नकाशाची! वजन वाचवायला! कागदाची कड! रात्रभर खडकातल्या खळग्यातला बर्फ चोखत बसले मी, तोंडात वाळू, आणि झरा घरी होता. कचऱ्याच्या डब्यात!

वेंडेल : तू ती पट्टी डब्यातनं काढून फ्रिजवर लावलीस.

डार्लीन : लावली. आणि तू रोज तिच्यासमोरनं दूध काढलंस, एक अक्षर बोलला नाहीस.

वेंडेल : काय बोलणार? तिथे झरा छापलेला होता.

डार्लीन : आणि ऐक, मी झऱ्यापायी तुला सोडून गेले नाही. सगळ्या गावाला वाटतं, पाण्यावरून घर मोडलं. तहान मी विसरले असते. पण पहिल्या मुक्कामाला सॅक उघडली आणि बाबांची किटली नाही. तू गाडीतच काढून ठेवलीस. मला न विचारता, माझ्या सॅकमधनं. विचारलं तर म्हणालास, जड होती.

वेंडेल : जड आहे ती.

डार्लीन : पस्तीस वर्षं तुझ्यामागे चालले मी. जे जड वाटलं ते तू काढून टाकलंस. त्या रात्री वाटलं, एक दिवस मलाही काढून ठेवशील गाडीत. म्हणून मीच आधी उतरले. घर सोडलं त्या दिवशी फार रडले, तुला माहीतही नसेल.

वेंडेल : माहीत होतं. न्हाणीघराच्या भिंती पातळ आहेत.

डार्लीन : मग?

वेंडेल : मला दाराबाहेर उभं राहण्यापलीकडे काही सुचलं नाही.

डार्लीन : उभा होतास तू?

वेंडेल : तू नळ बंद करेपर्यंत. डार्लीन, तो खुर्चीवरचा नकाशा उघड.

डार्लीन : मला नाही बघायचा.

वेंडेल : उघड तर.

डार्लीन : हं. कड आहे.

वेंडेल : चारी बाजूंनी. छापखान्याचा पत्तासुद्धा ठेवलाय.

डार्लीन : आणि हे दोन तंबू कशाला? तू आणि दोन तंबू? ताप आलाय का तुला?

वेंडेल : तू माझ्याच तंबूत झोपशील हे धरून चालणं बरं दिसलं नसतं.

डार्लीन : उचलणार कोण दोन्ही?

वेंडेल : मी.

डार्लीन : गुडघा ठीक आहे तुझा?

वेंडेल : एप्रिलमध्ये बदलताहेत.

डार्लीन : काय?

वेंडेल : गुडघा. नवा बसवताहेत. डॉक्टर म्हणाले, त्यानंतर पाठीवर ओझं घ्यायचं विसरा. कधीच नाही.

डार्लीन : आणि हे तू आत्ता सांगतोस? मघाशी मी पुढच्या वर्षी म्हणाले तेव्हा नुसता 'बरं' म्हणालास!

वेंडेल : आधी सांगितलं असतं तर दयेनं आली असतीस. दया घेऊन इतके दिवस चालायचं म्हणजे भलतंच जड.

डार्लीन : गाढव आहेस तू. म्हणजे हे शेवटचं?

वेंडेल : माझं, हो. तुझे गुडघे चांगले आहेत.

डार्लीन : आण इकडे ती सॅक. उचलून बघू दे मला. तुझी, तुझी. अगं आई गं! अरे, दगड भरलेत का? असल्या गुडघ्यावर हे नेणार तू? आणि हे काय लागलं हाताला? कपड्यांच्या आत काहीतरी कडक आहे.

वेंडेल : ते राहू दे.

डार्लीन : राहू दे कसं? हे... वेंडेल. ही बाबांची किटली.

वेंडेल : गॅरेजमध्ये होती. तू नेली नाहीस.

डार्लीन : मला वाटलं, तू देऊन टाकलीस. पोचा पण तसाच आहे हिचा. घासलीस?

वेंडेल : थोडी. जळकं निघत नाही.

डार्लीन : किती वजन भरलं हिचं?

वेंडेल : मोजलं नाही.

डार्लीन : काटा तर समोरच आहे.

वेंडेल : त्यावर मोजे आहेत.

डार्लीन : ... एक तंबू काढ यातला. आणि कॉफी मी आणते.