साखर घातलेल्या वाट्या

उल्हासनगरात, कॅम्प पाचच्या रॉकेलच्या रांगेत पद्मजाच्या पुढे दोघी मैत्रिणी बोलत होत्या. तिचे कान तिकडेच लागले होते.

"सुहासिनी, उद्या फॅक्टरीत राजीनामा देते. घरी मेतकूट करून विकणार."

"खपेल कशावरून, कुंदा?"

"चाळीत बारा वाट्या चाखायला दिल्या. अकरा साखर घालून परत आल्या!"

"अगं, वाटी रिकामी परत देतं का कोणी? पुन्हा मेतकूट किती जणींनी मागितलं?"

"त्या अकराजणींपैकी कोणीच नाही."

"आणि बारावी वाटी?"

"समोरच्या लाजवंतीने रिकामीच पुढे केली! वर म्हणते, 'और है क्या? पैसे ले लो.'"

"मग?"

"रागच आला. नाही म्हटलं."

"धन्य आहेस!"

"...माझं रॉकेल तू घे."

"अगं, राजीनाम्याचं काय?"

"थांब गं, आधी लाजवंतीकडे जाऊन येते."