शिलाई मशीनचा टेबल

आमगाव स्टेशनच्या बाकावर गाडीची वाट पाहता पाहता भूमिकाने मोबाइल बाजूला ठेवला. मागच्या बाकावरचं बोलणं जास्त रंगात आलं होतं.

"मुन्नालालभाऊ, बायकोच्या शिलाई मशीनसाठी टेबल बनवलो. अ‍ॅल्युमिनियमचा!"

"नवीन सेक्शन पाइप तं लय महाग आहे, कैलाश. कबाड्याकडून आणलास का?"

"त्याच्याकडं सारे वाकडे. खिडक्या बनवणाऱ्याकडं गेलो, तं हातहातभर तुकडे. मंग घरातच भेटले. लांब, सरळ, फुकट."

"घरात कुठं?"

"सैपाकखोलीची खिडकी काढलो."

"अरे बाप्पा! बायकोले माहीत आहे?"

"माहेरून येऊन राहिली ना आता, याच गाडीनं."

"अन् तू भिऊन नाही राहिला?"

"कायले भिऊ? टेबल त्या भगदाडापुढंच ठेवलो. उजेड पयल्यापेक्षा जास्त येते."