नागेशचं लहानपण मला विचारू नका

— न्हाय वकीलबाई, नागेशबद्दल मी काय बी सांगणार न्हाय. आधीच सांगून टाकते, म्हंजे तुमी पुण्यासनं उन्हातानात आलात त्याचं मला वाईट वाटायला नको. पाणी घ्या. बसा. माझा एकुलता पोरगा शमुवेल, त्याला मारला तुमच्या नागेशनं, आन् माझ्या नातीला बी मारलं, पिंकीला, पहिलीत होती — आन् तुमी हितं वालचंदनगरला माझ्या दारात येऊन विचारता, नागेश लहानपणी कसा होता? मला विचारता? व्हय, कळलं मला, एकदा सांगितलंत तुमी. हितल्या कोर्टानं फाशी दिली तरी हायकोर्ट पुन्हा बघतं, आन् तितं सांगावं लागतं माणूस कसा वाढला, काय काय सोसलं. मग सांगा की! त्याची आई हाय कळसला, द्वारकाबाई, धडधाकट हाय, तिला विचारा. — तिनंच पाठवलं? तिनं माझं नाव सांगितलं?

बरं. बरोबर हाय तिचं. तिला तरी काय आठवणार, ती सकाळी खुरपायला जायची ती दिवस बुडता यायची. पण मी बोलणार न्हाय. तुमी तुमची ती वही मिटा आधी.

मी नर्स होते, ते सांगितलंच असंल तिनं. बारामतीला. नाव सुवार्ता, पण सगळी दुनिया सिस्टरच म्हणती. आमी ख्रिस्ती, माझ्या आज्यापासनं. नोकरीला लागले तवाच डॉक्टरांना बजावलं होतं — बाळंतपणं कितीबी सांगा, जेवणाच्या ताटावरनं उठवा, पण पोट पाडायच्या टेबलापाशी मला उभं करू नका. कायद्यानं चालतं, म्हाईत हाय मला. बाकीच्या पोरी करायच्या ते काम, मी कुणाला नावं ठेवली न्हाईत — न्हाय, ठेवली. मनात ठेवली. द्वारकाबाई त्याच टेबलासाठी आलती. घरी दोन पोरी, नवरा रामभाऊ दारू पिऊन मारणारा, आन् तवा तर कुठं पळून गेला होता त्याचा पत्ता न्हवता. बाहेर बाकड्यावर बसलेली, मांडीवर नायलॉनची पिशवी, नंबर यायची वाट बघत. तिला समजवायला मला कुणी सांगितलं न्हवतं. मीच गेले. म्हणलं, बाई, जीव देणारा तो हाय, घ्यायचा हक्क बी त्याचाच, आपण मधी हात घालायचा न्हाय. ती म्हणली, सिस्टर, तुमचा तो वर बसलाय, हितं पोटाला कोण घालणार? मी म्हणलं, मी घालीन. असं म्हणलं मी! माझंच लेकरू सहा वर्षांचं, नवरा फॅक्टरीत हंगामी — पण म्हणलं. तर ती उठली, पिशवी उचलली, आन् माझ्याकडं वळून वळून बघत फाटकातनं बाहेर गेली. त्या दिवशी मला वाटलं, प्रभूनं आपल्याला नर्स कशाला केलं ते आज कळलं.

शब्द पाळला बरं का मी. तोंडाची वाफ न्हवती ती. सातव्यातच झाला पोरगा, दीड किलो भरला, मांजराच्या पिल्लावाणी. रडना सुद्धा. मोठे डॉक्टर म्हणले, राहील असं वाटत न्हाय. मी कापसात गुंडाळला, वर दिवा लावून ऊब दिली, ड्रॉपरनं आईचं दूध थेंब थेंब — माझी ड्युटी संपली तरी मी घरी जायची न्हाय. इथं, माझ्या तळहातावर सगळा मावायचा. जगला. पण सहा महिन्याचा असताना त्याला झटके आले, आन् बोलायला लागला ते पार चौथ्या वर्षी. त्यात रामभाऊ परत आला. बरा पळाला होता तो! एकदा शेळी हरवली म्हणून ह्या पोराला त्यानं पाय धरून विहिरीत उलटा टांगला. खाली पाणी, वर बाप, आन् बाप हसतोय. पाच वर्षांचं पोर, बाई. गावातली माणसं बघत होती. द्वारकाबाई त्याला तसाच उचलून माझ्याकडं घेऊन आली, तर ते पोर पाणी पिईना. तांब्या पुढं केला की थरथर कापायचं. मी चमच्यानं पाजलं चार दिवस —

लिहिताय काय तुमी? हे लिहू नका! ह्याला काय अर्थ हाय? बापाचा मार काय त्यानं एकट्यानंच खाल्ला? ह्या तालुक्यात निम्म्या पोरांनी खाल्लाय, ती काय माणसं मारत सुटलीत? हे कारण म्हणून सांगत न्हाय मी. मी आपलं सांगते.

मग तो माझ्याकडंच असायचा मधनं मधनं. शमुवेलनं त्याला सायकल शिकवली, जुन्या पँटी दिल्या, नाताळची चांदणी दोघं मिळून करायचे — कामट्या तासायच्या, वर जिलेटीन लावायचं. शाळेत डोकं चाललं न्हाय त्याचं. तर शमुवेल लोणी देवकरला कंपनीत सुपरवायझर झाला तवा मीच मागं लागले, नागेशला चिकटव म्हणलं. चिकटवला. पण बापाचंच पाणी, प्यायला लागला. पिऊन मशीनवर यायचा. एका पोराचा हात जाता जाता वाचला, तवा शमुवेलनं साहेबांना खरं काय ते सांगितलं आन् नागेशला काढून टाकलं. मला म्हणला, आई, तुझं मन मोडलं, पण मी काय करू? मी म्हणलं, बरोबर केलंस. तर नागेश गेला इंदापूरला शमुवेलच्या घरी. भर दुपारी. मनिषा, माझी सून, कामावर. पिंकी नुकती शाळेतनं आलेली. आत काय बोलणं झालं ते तिघांनाच ठाऊक, त्यातला एकच उरलाय. शमुवेलचं मी एकवेळ समजू शकते — समजू म्हंजे, राग, दारू, दोन बाप्यांचं भांडण — पण पिंकी? सरकारी वकील म्हणले, ती ओळखत होती म्हणून. अहो ओळखत होती म्हंजे काय! नागेशकाका म्हणून गळ्यात पडायची त्याच्या.

असू द्या. रुमाल नको. मी रडत न्हाय. माझं रडणं संपलंय.

निकालाच्या दिवशी आमच्या चर्चच्या मंडळीतली बरीच माणसं कोर्टात आलती. फाशी म्हणल्यावर मागनं कुणीतरी म्हणलं, देवाचे उपकार. मीच म्हणलं असंल. न्हाय — मीच म्हणलं. पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी त्यावरच संदेश दिला. सरकारच्या हातात तलवार देवानंच दिलीय म्हणले, ज्यानं माणसाचं रक्त सांडलं त्याचं रक्त मागितलं जातं, असं शास्त्र सांगतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. आन् मला आठवले माझ्या लहानपणीचे पाळक, म्हातारे, खोकत खोकत बोलायचे — ते म्हणायचे, पोरांनो, आपला प्रभू कसा मेला? सरकारी शिक्षेनं मेला. रीतसर निकाल झाला, शिपायांनी खिळे ठोकले. म्हणून ख्रिस्ती माणसानं फाशीच्या बाजूनं बोलताना आधी जीभ चावावी. मग ह्यातलं खरं कोण? दोघंबी एकाच शास्त्रावर हात ठेवून बोलतात! मी पाळकसाहेबांना घरी जाऊन विचारलं. म्हणलं, पोटातला जीव घ्यायचा न्हाय हे तुमी शिकवता, मी जन्मभर तेच केलं, मग हा जीव घेतलेला कसा चालतो? तर ते म्हणले, सिस्टर, सोपं हाय, पोटातलं लेकरू निष्पाप असतं, हा दोषी हाय. आन् खरं हाय की ते! फरक हाय! मी काय येडी हाय का, मला फरक कळत न्हाय? मी सुद्धा लोकांना तेच सांगितलं असतं. पण घरी आले, भाकरी थापायला बसले, आन् हात थांबला. म्हणलं, हाच हाय की तो दीड किलोचा. तवा निष्पापच होता. माझ्या हातावर होता. मग तो दोषी झाला तो कवा? कुठल्या दिवशी? विहिरीत टांगला त्या दिवशी? का मी त्याला कंपनीत चिकटवला त्या दिवशी? कुणी मला ती रेघ दाखवा, मी गप बसते.

तर मागल्या महिन्यात द्वारकाबाई आली. हितंच, दारात बसली, आत येईना. मी चहा विचारला न्हाय. ती माझ्याकडं आली आन् मी चहा विचारला न्हाय, असं पहिल्यांदाच झालं. ती म्हणली, सिस्टर, तवा बाकड्यावर तुमीच म्हणला व्हता, जीव घ्यायचा हक्क आपल्याला न्हाय. मी ऐकलं तुमचं. आता कुणाला तरी सांगा की तेच. — बघा! काय बोलावं माणसानं? मी काय बोलले सांगू? मी म्हणलं, द्वारकाबाई, त्या दिवशी मी तोंड उघडलं न्हसतं तर बरं झालं असतं. तिच्या तोंडावर म्हणलं. आईच्या तोंडावर. तुझं पोर जन्मालाच आलं न्हसतं तर बरं — दुसरं काय म्हणलं मी? तुमी ख्रिस्ती न्हाय, तुमाला कळायचं न्हाय मी काय बोलून बसले ते. सबंध जन्म ज्या एका गोष्टीवर मी उभी होते, ती माझ्याच जिभेनं मी पाडली. मला वाटलं ती शिव्या देईल. दिल्या असत्या तर हलकं वाटलं असतं. तर ती म्हणली, सिस्टर, मी बी रोज तेच म्हणती. रोज उठून म्हणती, कशाला ऐकलं सिस्टरचं. पण येरवड्याला जाळीपल्याड त्याला बघितलं की म्हणवत न्हाय. आन् गेली. पायात चप्पल बी घातली न्हाय नीट, फरफटत गेली.

इथं संपलं असतं तर ठीक होतं. तुमी घाई करू नका, आता ऐकलंच हाय तर पुरतं ऐका. हे नागेशचं न्हाय, माझं हाय. त्यानंतर आठवडा झाला नसंल, पाळकसाहेबांच्या बायकोनं निरोप धाडला — मंडळीतलीच पोरगी, शालन, नवऱ्यानं टाकलेली, पोटुशी, आन् ती बारामतीला जाऊन मोकळी व्हायचं म्हणतीय. सिस्टर, तुमीच समजवा, तुमच्याशिवाय कुणाचं ऐकायची न्हाय. गेले मी. का गेले? सवय. किती जणींना समजावलं असंल मी आजवर, सगळ्यांची पोरं काय नागेश झाली का? एक पोरगा मास्तर हाय, एक पोरगी माझ्यासारखीच नर्स हाय, नाताळला केक घेऊन येती. शालन भिंतीला टेकून बसलेली. मला बघून तिचा चेहरा असा उजळला, म्हणली, सिस्टर, तुमी सांगाल ते करीन. तुमी नको म्हणला तर मी न्हाय जाणार. तिला नको म्हणायला हवं होतं, बाई. तिला ते ऐकायचं होतं, मला दिसत होतं. माझ्या ओठावर होतं — जीव देणारा तो हाय — तेवढंच, सगळं पाठ हाय — आन् तोंडातनं निघालं भलतंच. मी म्हणलं, मला विचारू नको, शालन. तुझं तू बघ. तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं काय मीच तिला टाकली. दुसऱ्या दिवशी तिच्यासंगं कुणी जाईना म्हणून मीच गेले. त्याच गावात, तशाच बाकड्यावर बसले. आत जाताना तिनं माझा हात धरला आन् शेवटपर्यंत माझ्या तोंडाकडं बघत होती, मी काय बोलते का. मी बोलले न्हाय.

आता मंडळीत कुणी मला काय म्हणत न्हाय. त्यांना वाटतं मी समजावलं, तिनं ऐकलं न्हाय. शालन बी कुणाला काय सांगत न्हाय. मी रविवारी तिच्या मागच्या बाकावर बसते आन् तिची वेणी बघते. प्रार्थना सुरू झाली की मला कळत न्हाय कुणासाठी करू. शमुवेलसाठी होती, पिंकीसाठी होती. ते सुखात हायत, ते मला ठाऊक हाय. बाकीच्यांचं काय? शालनच्या त्या लेकराचं? — आन् ह्याचं? मनिषा तर माहेरी गेली, ती म्हणती, आई, तो जगला काय, मेला काय, मला त्याचं नाव ऐकवू नका. तिचं सुटलं. तिनं त्याला हातावर घेतला न्हवता.

काय? कोर्टात येऊन सांगाल का? हेच? विहिरीचं, झटक्यांचं, दीड किलोचं — हे सांगितलं का मी तुमाला? सगळं सांगितलं? मी तर काय बोलणार न्हवते! तुमी मला बोलतं केलंत, चांगल्या वकील हाय तुमी, गप बसून बोलतं करता. लिहून घेतलं सगळं? — खोडा. न्हाय, राहू द्या. राहू द्या. जे झालं ते झालं, ते खोडून काय जात न्हाय. पण माझं ऐका. मी त्याला माफ केलंय असं कुठं लिहू नका, मी केलेलं न्हाय. फाशी नको असं बी लिहू नका. आज सकाळी पण मला वाटलं, होऊ दे. कोर्टानं बोलावलं तर मी येईन, आन् विचारलं तर खोटं बोलणार न्हाय. त्यापल्याड माझ्याकडनं काय मागू नका.

निघा आता, बाई. तुमाला लांब जायचं हाय. आन् तितं तुरुंगात त्याला भेटाल तवा त्याला सांगा, सिस्टरनं —

न्हाय. काय सांगू नका. जावा. दार ओढून घ्या.