तिघे डॉक्टर आणि अडकलेली खिडकी

म्हणे, टवटवीत दिसता! अहो, साहेबलोकांपुढे जायचं म्हणून लेकीची लाली फासलीय तिनं गालाला, आत काय चाललंय ते विचारा की! तुम्हाला सांगते, माझी धाकटी जाऊ, लाँड्रीत इस्त्रीपुढे उभं राहून जन्म गेला, छातीत कॅन्सर निघाला, कापाकापी झाली, केस गेले, उजवा हात सुजून हा असा भोपळा... आणि ती खरंच आजारी आहे का, हे ठरवायला तिघे डॉक्टर बसवले! आजारी ठरली तर पगारी रजा, नाहीतर सोमवारपासून इस्त्री. ऑपरेशनवाल्या डॉक्टरानं लिहून दिलेलं, पण त्याचं कोण ऐकतंय? त्यानं बिचाऱ्यानं नुसतं आत उघडून बघितलेलं!

मी सोबत गेलेले, खोलीत जीव गुदमरत होता. खिडकी अडकलेली. चष्मेवाले उठले, ओढली, बसले. टायवाले उठले, ओढली, बोट चोळत बसले. मधल्या डॉक्टरीणबाई कागदानं वारा घेत म्हणाल्या, "हात वर करा." खांद्यापर्यंतही जाईना. "आणखी?" "नाही हो जात, बाई." चष्मेवाले मान हलवतात, "पण दिसता मात्र टवटवीत!"

तरी मी मनात म्हटलं, जमली रजा बरं का! पण धाकटीचं लक्ष कुठं? खिडकीवर! जन्म वाफेत काढलेली बाई, बंद खिडकी दिसली की हात शिवशिवतात. उठली ताडकन. "थांबा साहेब, खालून दणका द्यायचा असतो," म्हणाली, आणि हाणला की हो त्याच सुजलेल्या हातानं! खिडकी सताड! वाऱ्यानं बाईंचे कागद उडाले, तेही हिनंच वाकून गोळा केले... मग बसली ओठ चावत, लालीखाली पांढरीफटक.

"वा, छान गार वाटलं!" टायवाले म्हणाले, आणि लिहिलं, हाताची ताकद उत्तम.

"अहो, डोळ्यांतलं पाणी बघा तिच्या!" मी म्हटलं.

"वाऱ्यानं येतं ते, आजी," चष्मेवाले म्हणाले. " बघा ना, दिसतात कशा टवटवीत!"

परवा निकाल आला. कामास पात्र. पटत नसेल तर वर्षानं पुन्हा तपासणीला यावे.

धाकटीनं वाचून दाखवला, घडी घातली, म्हणाली, "जाऊबाई, ऑपरेशनवाला म्हणत होता, वर्ष काही निघायचं नाही. पण आता तिघांनी बोलावलंय म्हटल्यावर... थांबायलाच हवं बाई!"